बाबा, कवळी बसवून घ्या

लंडन,
रविवार

ती. आई-बाबांना,
सा. न.

काल फोन ठेवल्यावर बराच वेळ झोप लागली नाही. बाबा, तुम्ही म्हणालात, "जपानात दात परत उगवायचं औषध निघालंय म्हणे. मग कवळीचा खर्च कशाला? तुझंच काम ना ते?" आणि आई मागून म्हणाली, यंदा हुरड्यालाही तुम्ही नको म्हणालात. फोनवर मला नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितेय.

ते औषध खोटं नाही. दातांची वाढ रोखून धरणारं एक प्रथिन आपल्या शरीरात असतं, त्याला अडवणारं ते औषध. 2024 मध्ये क्योटो विद्यापीठाच्या रुग्णालयात माणसांवरची पहिली चाचणी सुरू झाली. पण पहिल्या चाचणीत औषध अंगाला बाधत नाही ना, एवढंच आधी बघतात. आणि ते मुळात जन्मतःच काही दात नसलेल्या मुलांसाठी आहे. तुमच्या ताटातल्या भाकरीपर्यंत यायला त्याला फार लांबचा रस्ता आहे. त्याच्या भरवशावर बसू नका.

माझं काम वेगळं आहे, आणि ते तुम्हाला पटकन कळेल, कारण त्याची सुरुवात सिमेंटपासून होते. 1993 मध्ये अमेरिकेत लोमा लिंडा विद्यापीठातल्या महमूद तोराबिनेजाद यांनी दातात भरायचा एक मसाला पुढे आणला, एमटीए नावाचा. त्याचा पाया म्हणजे तुमचं पोर्टलँड सिमेंटच! शुद्ध केलेलं, बारीक दळलेलं, एक्स-रेत दिसावं म्हणून बिस्मथ ऑक्साइड मिसळलेलं. दातात भरायच्या बऱ्याच वस्तूंना ओल चालत नाही, आणि दाताच्या आत तर कायम ओल. हा मसाला मात्र पाण्यानेच घट्ट होतो. तुम्ही स्लॅबला दिवसदिवस पाणी मारायचात, तीच गोष्ट. घट्ट होताना त्यातून कॅल्शियम हायड्रॉक्साइड सुटतं, म्हणजे आपला विरवलेला चुना. त्याने जंतू मरतात, आणि खालच्या जिवंत गराला जाग येऊन तो आपल्या अंगाने डेंटिनची, म्हणजे दाताच्या आतल्या कठीण थराची, भिंत घालायला लागतो. हॉस्टेलवर हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला तुमचे चुन्याने फुटलेले हात आठवले. त्या रात्री मी ठरवलं की हेच शिकायचं.

खोल किडीत मात्र गराची ती भिंत अपुरी पडते. इथल्याच किंग्ज कॉलेजमध्ये पॉल शार्प यांच्या गटाने 2017 मध्ये उंदरांच्या दाढांत कोलॅजेन या प्रथिनाचे इवलेसे स्पंज ठेवले, टाइडग्लुसिब नावाच्या औषधात भिजवलेले. हे औषध आधी अल्झायमर या विसरभोळेपणाच्या आजारासाठी तपासलं गेलं होतं. स्पंज हळूहळू विरत गेला आणि त्याच्या जागी दाताने स्वतःचं डेंटिन भरलं. पण उंदराची दाढ केवढी, माणसाची केवढी! मोठ्या खड्ड्यात टिकेल, वेळेवर विरेल, जंतूंना थारा देणार नाही असा आधार बनवायचा, यात माझे दिवस जातात. एकेक नमुना महिनोन्महिने चालतो आणि बहुतेक फसतात. तरी सकाळी प्रयोगशाळेत जाताना मला आनंदच होतो.

आई, याचं मूळ तू आहेस. मी सातवीत होते. तू एसटीतून उतरलीस ती तोंडाला पदर दाबून. दोन दाढा काढल्या होत्या. त्या वाचल्या असत्या, पण त्यासाठी चार खेपा आणि पैसे लागले असते. काढायला एकच खेप. त्या रात्रीही तू भाकऱ्या थापल्यास, आणि तेव्हापासून आजतागायत एकाच बाजूने चावतेस. इंटर्नशिपमध्ये खेड्यातल्या शिबिरांना जायचे, तेव्हा बाया खुर्चीत बसायच्या आधीच म्हणायच्या, "काढून टाका बाई, परत यायला जमायचं नाही." मी काढत गेले. दर वेळी तुझा पदर दिसायचा. एका खेपेत भरता येईल आणि आत दात स्वतःला सावरेल, असं काहीतरी त्या बायांना मिळावं, एवढ्यासाठी मी क्लिनिक सोडलं. लोकांना ते वेडेपण वाटलं. तुम्ही दोघांनी एकदाही "असं का?" म्हणून विचारलं नाहीत, हे मी विसरलेले नाही.

आता बाबा, ऐका. दात गेले की तिथलं हाड झिजत जातं. जितकी वाट बघाल तितकी हिरडी सपाट होईल आणि मग चांगली कवळीसुद्धा बसायची नाही, हलत राहील. मी मार्गशीर्षात येतेय. आल्या आल्या माप द्यायला जाऊ, मी सोबत असेन. पहिले काही दिवस टोचेल. टोचेल तिथे घासून घ्यायचं, काढून कपाटात ठेवायची नाही. रात्री मात्र काढून पाण्यात ठेवायची. पैशांचं मी बघते.

हुरडा पानगळीपर्यंत मिळतो ना? कणसं सांगून ठेवा.

तुमची,
मनू

ता. क. चिनूचा पहिला दात हलतोय म्हणे. पडला की टाकण्याआधी त्याला आतला लालसर गर दाखवा. अमेरिकेत सोंगताओ शी या शास्त्रज्ञांना आपल्या सहा वर्षांच्या मुलीच्या पडलेल्या दातात असाच गर दिसला होता, आणि 2003 मध्ये त्यांच्या गटाने दुधाच्या दातांत मूलपेशी, म्हणजे ज्यांच्यापासून वेगवेगळ्या पेशी घडू शकतात अशा पेशी, असल्याचं जगाला सांगितलं. मग खुशाल शेणाच्या गोळ्यात घालून वर टाका. कौलं गेली, पण स्लॅबवरही चालेल.