बाथरूमच्या टाइल्सचे सांधे पुन्हा भरताना

मालवण, ८ जुलै

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

फोटो पोचले. गावच्या घरातल्या बाथरूमचं ग्राउट, म्हणजे टाइल्सच्या सांध्यांत भरलेला माल, भुगा होऊन गळतंय, खालच्या दोन ओळींचे सांधे काळे पडलेत आणि पलीकडच्या खोलीत ओल उठलीय. काम स्वतः करायचं म्हणतोस ते नक्की कर, नवख्याला जमण्यासारखं आहे. मात्र गणपतीआधी उरकायचा हट्ट सोड. आत्ता जांभ्याची भिंत पाणी पिऊन बसली आहे. तिच्यावर सांधे भरलेस तर आतली ओल त्याच सांध्यांतून बाहेर पडेल, येताना क्षार घेऊन येईल आणि नव्या ग्राउटवर पांढरा खार फुटेल. कोपऱ्यांत लावायचं रबरासारखं सिलिकॉन तर ओल्या जागी धरतच नाही. दिवाळी होऊ दे, भिंतीला महिनाभर सुकू दे, मग हात घाल. एप्रिल-मेमध्येही करता येतं, पण तेव्हा ग्राउट भराभर घट्ट होतं, त्यामुळे सकाळच्या वेळीच उरकावं लागतं.

तोवर ओल नक्की कुठून येते ते शोध. भिंत पश्चिमेची असेल आणि बाहेरून गिलावा नसेल, तर झडीचं पाणीच आत येत असण्याची शक्यता मोठी. तसं असेल तर आतून कितीही सांधे भर, फरक पडणार नाही. नंतर पाइप तपास: टाकीत येणारं पाणी बंद कर, पातळीवर खूण कर आणि सगळे नळ रात्रभर बंद ठेव. सकाळी पातळी खाली गेली असेल तर भिंतीतला पाइप किंवा एखादा जॉइंट गळतोय, आधी प्लंबर बोलाव. हे दोन्ही नसेल आणि बाथरूम वापरलं की ओल वाढत असेल, तर सांधे.

मग एक नाणं घेऊन प्रत्येक टाइल ठोकून बघ, मध्यभागी आणि चारही कोपऱ्यांत. खणखणीत वाजली तर ठीक, बद्द वाजली तर मागे पोकळी आहे. बऱ्याच जुन्या कामांत टाइलच्या पाठीला मधोमध मालाचा गोळा लावून ती चिकटवलेली असते, कडा मागून मोकळ्याच राहतात आणि पाणी तिथे साठतं. अशा टाइल्सवर पेन्सिलने खूण कर. एखाद-दुसरी असेल तर काढून पुन्हा बसवता येईल. अर्धी भिंत बद्द वाजली तर ग्राउटवर पैसे घालवू नकोस. सिमेंटचं ग्राउट म्हणजे वॉटरप्रूफिंग नव्हे. मग टाइल्स काढून मागे वॉटरप्रूफिंग करण्याला पर्याय नाही.

आता सामान. तुझ्या टाइल्स ८ बाय १२ इंची आणि सांधा ३ मिमीचा दिसतो. ५ बाय ७ फुटांच्या बाथरूमला ७ फूट उंचीपर्यंत टाइल्स धरल्या, दार वजा केलं, तर साधारण १४ चौरस मीटर भिंत होते. सांधा ४ मिमी खोल भरायचा तर चौरस मीटरला सुमारे १६० ग्रॅम ग्राउट लागतं, म्हणजे सव्वादोन किलो. वाया जाणारं धरून एक किलोच्या तीन पिशव्या घे, तिन्ही एकाच बॅचच्या, नाहीतर रंगात फरक दिसतो. ग्राउट बारीक, वाळूविरहित आणि पॉलिमर मिसळलेलं घे. पाण्याऐवजी घालायचं लिक्विड ॲडमिक्स दुकानात मिळालं तर तेही घे, सांधा कमी पाणी शोषतो. दुकानदार व्हाइट सिमेंट पुढे करेल, ते घेऊ नकोस. ते आकसतं, केसाएवढ्या चिरा पडतात आणि त्यांतून पुन्हा पाणी शिरतं. इपॉक्सी (सिमेंटऐवजी रेझिनचं ग्राउट) पाणी शोषत नाही हे खरं, पण ते अर्ध्या-पाऊण तासात आवळतं आणि टाइलवर राहिलेला थर वाळला की निघता निघत नाही. पहिल्याच खेपेला भिंतीवर इपॉक्सी नको.

खरी मेहनत खरवडण्यात आहे. त्या १४ चौरस मीटरांत सांध्यांची लांबी जवळजवळ ११७ मीटर भरते, तेव्हा एका दिवशी एकच भिंत घे. कार्बाइडच्या टोकाचं ग्राउट रिमूव्हर घे, अरुंद जागी हॅक्सॉ ब्लेड चालेल. ग्राइंडर नको: चाक एकदा घसरलं की टाइलची चकाकी गेली, ती परत येत नाही. हत्यार सांध्याच्या मधोमध ठेवून ओढ, कडेला टेकवू नकोस. निदान ३-४ मिमी खोल गेलंच पाहिजे. जुन्यावर नुसता हात फिरवून वर नवं लिंपलं, तर तो पातळ पापुद्रा काही महिन्यांत सुटतो. बहुतेक ठिकाणी काम फसतं ते इथेच. मास्क आणि चष्मा लाव, ती धूळ छातीला वाईट.

काळ्या बुरशीला एक भाग ब्लीच, दहा भाग पाणी. दहा मिनिटं ठेव, घास, भरपूर पाण्याने धू. ब्लीच आणि ॲसिड एकत्र येता कामा नयेत, विषारी क्लोरीन वायू निघतो. मग भिंत दोन दिवस सुकू दे आणि सांध्यातली धूळ ब्रशने काढ.

भरण्याच्या दिवशी एका वेळी अर्धा किलोच कालव. आधी पाणी, मग पावडर. किलोला साधारण २५० ते ३०० मिली, पण पिशवीवर लिहिलेलं प्रमाण अंतिम. पाणी गोडं हवं. खाडीकाठच्या विहिरीचं मचूळ पाणी चालणार नाही, पुन्हा खार फुटेल. माल श्रीखंडाइतका घट्ट हवा, करणीवरून ओघळता कामा नये. दहा मिनिटं ठेवून पुन्हा ढवळ. नंतर घट्ट झाला तरी वरून पाणी घालू नकोस, सांधा कमजोर होतो आणि रंग डागाळतो. सांधे स्पंजने किंचित दमट कर, पाणी साचू देऊ नकोस. रबरी फ्लोट (सपाट रबरी तळाची थापी) तिरका धरून माल दाबत भर, आत हवा राहू नये. मग फ्लोट जवळजवळ उभा धरून टाइलच्या कर्णाच्या दिशेने जादा माल ओढून काढ. सांध्याच्या रेषेत ओढलास तर फ्लोटची कड आत शिरून भरलेलं उकरते.

पंधरा-वीस मिनिटांनी बोट लावून बघ. बोटाला लागलं नाही की पिळलेल्या स्पंजने हलक्या हाताने, गोल गोल पूस. स्पंजमध्ये पाणी राहिलं तर ग्राउट वाहून सांधा खोलगट होतो. दोन बादल्या ठेव आणि पाणी सारखं बदल. दीड-दोन तासांनी टाइलवर पांढुरकी साय धरेल, ती कोरड्या सुती फडक्याने निघते. हातांत रबरी मोजे घालच, सिमेंटने कातडी सोलते.

भिंत-भिंत, भिंत-फरशी हे कोपरे आणि नळांच्या चकत्यांभोवतीची फट मात्र ग्राउटने भरू नकोस. दोन्ही बाजू थोड्याफार हलत असतात, ग्राउट तडकतंच. तिथे बुरशीरोधक न्यूट्रल सिलिकॉन, आणि तेही ग्राउट भरून तीन दिवस कोरडं गेल्यावर. दोन्ही कडांना मास्किंग टेप लाव, सिलिकॉन एका दमात ओढ, ओलं असतानाच टेप काढ. मग २४ तास पाणी नाही. म्हणजे भरायला घेतल्यापासून चार-पाच दिवस, आणि त्याआधी भिंत सुकायचे दोन दिवस, आंघोळीची सोय मागच्या न्हाणीत करावी लागेल, घरच्यांना आधी सांगून ठेव.

आणि फरशी धुवायचं ॲसिड त्या बाथरूममध्ये पुन्हा नेऊ नका. सिमेंट त्यानेच खाल्लं जातं, तुमचे खालचे सांधे बहुधा त्यानेच गेलेत. विहिरीच्या पाण्याचे तांबूस डाग साध्या साबणाने आणि नायलॉनच्या ब्रशने आठवड्याला घासले तर साचत नाहीत.

नाण्याने ठोकून झालं की खुणा केलेल्या टाइल्सचे फोटो पाठव. कुठल्या काढायच्या ते फोनवर ठरवू.

तुझाच,
मित्र