शिकवण्याचेही मानधन हवे

महोदय,

पेटी, पखवाज, बासरी वाजवणाऱ्या, भजनांचे ध्वनिमुद्रण करणाऱ्या आणि गावातल्या मुलांना विनामूल्य शिकवणाऱ्या बुवांवरील लेख रविवारच्या पुरवणीत वाचला. कौतुक रास्तच आहे. पण शिकवण्याचे मोल त्यांना कोणी देते का, हा प्रश्न लेखात यायला हवा होता.

राज्य शासन ज्येष्ठ कलावंतांना दरमहा ५ हजार रुपये मानधन देते, मात्र साधारणपणे वयाची पन्नाशी गाठल्यावरच. कुडाळजवळच्या पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांनी ठाकर समाजाच्या चित्रकथी (चित्रे दाखवत कथा सांगण्याची कला) व कळसूत्री बाहुल्यांसाठी आपल्या गोठ्यात संग्रहालय उभे केले. पद्मश्री मिळाली २०२१ मध्ये, आयुष्य त्यात घातल्यानंतर. हात चालतो आणि दारात मुले येतात, त्या वर्षांसाठी मात्र कलावंताच्या पदरी काही नाही.

आमच्याकडे कोकणात मुले शिकतात ती गणेश चतुर्थीच्या आधी, भर पावसात. नेमके तेव्हाच दशावताराचे प्रयोग बंद, म्हणजे त्यात साथ करणाऱ्या या वादकांची मिळकतही बंद. दमट हवेने पखवाजाची पुडी (तोंडावरचे कातडे) सैल पडते, डाव्या तोंडावर सुरासाठी थापलेली कणीक पुन्हा पुन्हा लावावी लागते, पेटीचे सूर अडकतात. दुरुस्तीचा हा खर्चही शिकवणाराच सोसतो, आणि तोही तक्रार न करता!

जिल्हा परिषदेच्या शाळांनी जुलै ते सप्टेंबर या काळात अशा वादकांना तासिका तत्त्वावर नेमावे आणि वाद्यदुरुस्तीसाठी वेगळी तरतूद करावी. त्यासाठी वयाची अट नको, पदवीचीही नको. गावातल्या भजनी मंडळाची शिफारस पुरेशी मानावी.

– एक वाचक, कुडाळ