पार्सल येतंय, पण आधी हे वाचा

पुणे, रविवार दुपार

प्रिय आई-बाबा,

सलाम.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "डोळा आता चकाचक झाला बेबी, पण घरात वाचायले काहीच नाही." मला हसूच आलं. दिवाळीत आले होते तेव्हा टीव्हीखालच्या कप्प्यातल्या पुस्तिका मी मोजल्या होत्या. एकतीस. सगळ्या गुळगुळीत कागदाच्या, सगळ्यांवर उगवता सूर्य नाहीतर कबूतर. काही फुकट मिळालेल्या, काही कन्व्हेन्शनच्या मंडपाबाहेर दहा-वीस रुपयांत घेतलेल्या. एकीच्याही पानाचा कोपरा दुमडलेला नव्हता. म्हणजे तुम्ही म्हणालात ते खरंच आहे, घरात वाचायला काही नाही.

आणि आजोबांची पत्र्याची पेटी आठवते? यवतमाळची सेमिनरी, म्हणजे पाद्री शिकवून तयार करणारी शाळा, १९८३ साली पुण्याला गेली, त्याच्या आधी ते तिकडून सायकलवर पुस्तकं आणायचे म्हणून तुम्हीच सांगायचात. उधईनं अर्धी खाल्ली, उरली त्यांची पानं पिवळी पडली. पण प्रत्येक पुस्तकाच्या समासात शिसपेन्सिलीच्या खुणा. एका ठिकाणी नुसतं "नाही पटत" असं लिहिलेलं. तसं वाचणारा माणूस आपल्या घरात होऊन गेलाय, म्हणून हे एवढं लांबलचक पत्र.

आधी रागाचं बोलून टाकते. त्या एकतीसमधली ती हिरव्या मुखपृष्ठाची पुस्तिका, "बी पेरा, शंभरपट घ्या" असं सांगणारी. ती वाचून आईनं बचत गटातले दोन हजार पाठवले, हे मला दादाकडून कळलं. आई, मी तुझ्यावर रागावले नाही. तुझा भाव चांगलाच होता. पण ज्यानं ती लिहिली त्यानं कधी वावरात पाय ठेवला नसावा. कोरडवाहू जमिनीत पेरलेलं दुप्पट निघायची खात्री नसते हे तुझ्याइतकं कुणाला माहीत? आणि त्यानं दाखला दिला तो पेरणाऱ्याचाच. मग बायबलात लूकचा आठवा अध्याय उघडून बघा. दाखल्याचा अर्थ येशूनं स्वतःच सांगितलाय, बी म्हणजे देवाचं वचन. पैशाचं तिथं नावही नाही. उलट काट्यांमध्ये पडलेलं बी कशानं गुदमरतं, तर चिंता, धन आणि सुखविलास यांनी. म्हणजे ज्या उताऱ्यावर पुस्तिका उभी केली, त्याच उताऱ्यात तिला उत्तर होतं. दोन मिनिटं बायबल काढलं असतं तर दोन हजार वाचले असते.

बाबा, तुम्ही दर जूनमध्ये सोयाबीनचं काय करता? थैलीवर कितीही सुंदर चित्र असलं तरी शंभर दाणे मोजून ओल्या बारदानात गुंडाळता, पाणी शिंपडत राहता, आणि सहा-सात दिवसांनी कोंब मोजता. सत्तरच्या खाली आले तर दुकानदार नातेवाईक असला तरी ते बी घेत नाही. पुस्तकाला मात्र आपण एवढीही तसदी घेत नाही. वर क्रूस छापलेला दिसला की डोळे मिटून घरात.

माझी चाचणी सोपी आहे. मधलंच कुठलं तरी पान काढायचं आणि आईला मोठ्यानं वाचून दाखवायचं. तिला वाक्य दुसऱ्यांदा विचारावं लागलं तर भाषांतर घाईचं आहे. लिहिणारा पानापानाला स्वतःबद्दलच बोलत असेल, स्वप्नं, दर्शनं, विमानप्रवास, तर ठेवून द्यायचं. वचन दिलं असेल तर त्याच्या मागची-पुढची पाच-सहा वचनं वाचून बघायची. आणि शेवटच्या पानावर बँक खात्याचा नंबर ठळक अक्षरात असेल तर मग वाचूच नका, चुलीला लावा. थेस्सलनीकाच्या पत्रात पौल म्हणतो ते तुम्हीच आम्हाला संडे स्कूलमध्ये पाठ करून घेतलं होतं, सर्व गोष्टींची पारख करा, चांगले ते बळकट धरा. पारख आधी आहे बाबा, धरणं नंतर.

सी. एस. लुईस नावाच्या इंग्रजीच्या प्राध्यापकानं १९४४ साली एका फार जुन्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत लिहिलंय, की एक नवं पुस्तक वाचलं की मध्ये एक जुनं वाचल्याशिवाय दुसऱ्या नव्याला हात लावू नये. त्यानं दिलेलं कारण मला फार पटलं. जुन्या लोकांच्याही चुका होत्या, पण त्या आपल्या नव्हेत, त्यामुळे चटकन दिसतात. आपल्या काळाच्या चुका आपल्याला दिसत नाहीत, कारण आजूबाजूला सगळेच त्या करत असतात. हिरवी पुस्तिका हे त्याचंच उदाहरण.

म्हणून पार्सलमध्ये जुनंच जास्त आहे.

पहिलं, 'स्मृतिचित्रे', लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र. हे बाबांच्या नावानं पाठवतेय, पण आहे आईसाठी. बाबा, तुम्ही दर रविवारी 'उपासनासंगीत' उघडून टिळकांची गाणी म्हणता. त्या कवी ना. वा. टिळकांचं, म्हणजे लक्ष्मीबाईंच्या नवऱ्याचं, पुढं काय झालं ते आपल्याच रेल्वेमार्गावर घडलंय. १८९३ साली ते नागपूरहून राजनांदगावला निघाले होते, म्हणजे गाडी आपल्या गोंदियावरूनच गेली असणार. डब्यात एक गोरा माणूस भेटला, कवितेवर गप्पा झाल्या, त्यानं नवा करार हातात दिला आणि सांगितलं, दोन वर्षांत तू ख्रिस्ती होशील. फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा झाला. एवढी गोष्ट सगळ्यांना माहीत असते. पण त्या दिवशी घरी बायकोचं काय झालं? ते लक्ष्मीबाईंनी लिहिलंय. वडिलांच्या सोवळ्याच्या वेडात वाढलेली बाई, शाळेचं तोंड न पाहिलेली, अक्षर ओळखायला नवऱ्यानं शिकवलेली. आणि एक दिवस तोच नवरा धर्म सोडून गेला. ती पाच वर्षं त्याच्यापासून वेगळी राहिली, रडली, चिडली, आणि मग सोवळं एकेक पायरीनं गळत गेलं. १९०० साली तिचाही बाप्तिस्मा झाला, पण नवऱ्यानं ओढून नेलं म्हणून नाही.

आई, तुला हे का आवडेल सांगू? ती कुठंही साध्वी व्हायला जात नाही. नवऱ्याच्या हातात पैसा टिकत नाही, डोक्यात राख घातली की घर सोडून चालायला लागतो, हे ती असं सांगते की आपण पदर तोंडाला लावून हसावं. तू बाबांबद्दल शांतामावशीला सांगतेस ना, अगदी तस्सं. (बाबा, हे वाक्य वगळून वाचा.) १९३४ ते १९३६ या काळात ते पुस्तक भागाभागानं आलं, आणि त्याच सुमाराला त्या गेल्या. ज्यांना ख्रिस्ती धर्माशी काही घेणंदेणं नाही अशी माणसंही मराठीतलं उत्तम आत्मचरित्र म्हणून ते डोक्यावर घेतात. साक्ष द्यायची तर अशी द्यावी असं मला वाटतं. स्वतःला मोठं न करता, आणि मीठ न काढता.

दुसरं, 'ख्रिस्तपुराण'. हे सगळं वाचायचं नाही, मी चिठ्ठ्या लावल्यात तेवढंच. फादर थॉमस स्टीफन्स हे मूळचे इंग्लंडचे, गोव्यात आले, मराठी शिकले आणि १६१६ साली राशोलला हा ग्रंथ छापून घेतला, तोही रोमन लिपीत. दहा हजारांवर ओव्या आहेत. डोळ्यांनी वाचलं तर जड जाईल. तुम्ही लहानपणी शेजारच्या मंडळात बसून ग्रामगीता ऐकायचात ना, तीच चाल लावा आणि म्हणून बघा. दोन दिवसांत जीभ वळेल. आपल्या चर्चच्या मंडळीत काही जणांना ओवी म्हटलं की ते "आपलं" वाटत नाही. त्यांना एवढंच सांगा, चारशे वर्षांपूर्वी एका पाद्र्याला ती आपली वाटली होती.

तिसरं म्हणजे जॉन बनियनचा यात्रेकरू. आजोबांच्या पेटीत त्याची फक्त मधली पानं उरली होती, आता पूर्ण पाठवतेय. बनियन म्हणजे भांडी सांधणारा माणूस, परवानगीशिवाय उपदेश करतो म्हणून बारा वर्षं तुरुंगात राहिला. पुस्तक १६७८ चं. त्यातली ती निराशेची दलदल वाचताना आपल्या वावरातला जुलैचा चिखल डोळ्यांपुढे आणा, चप्पल सोडून अनवाणी बाहेर यावं लागतं तो. जास्त सांगत नाही.

चौथं पुस्तक नाहीच, ती माझी वही आहे. आई, ही तुझी. नाइट ड्यूटीला दोनच्या पुढे वॉर्ड शांत असतो, तेव्हा थोडं थोडं करून मी इंग्रजीवरून उतरवलंय. मोठं अक्षर काढलंय, तुझ्या चष्म्याला पेलेल एवढं. ब्रदर लॉरेन्स नावाचा फ्रान्समधला एक माणूस, आधी शिपाई होता, मग पॅरिसच्या एका मठात आचारी. स्वयंपाकाचा त्याला मनापासून कंटाळा होता, हे तो लपवत नाही. पण तव्यावरचं आम्लेटसुद्धा देवाच्या प्रीतीनं उलटायचं असं त्यानं ठरवलं आणि वर्षानुवर्षं तेच केलं. पुढं चपला शिवायचं काम दिलं, तेही तसंच. १६९१ मध्ये तो गेला. त्यानं पुस्तक असं लिहिलंच नाही, त्याची पत्रं आणि बोलणं दुसऱ्यांनी मागून गोळा केलं.

अठरा वर्षांचा असताना त्यानं हिवाळ्यात एक निष्पर्ण झाड पाहिलं आणि मनात आलं, थोड्याच दिवसांत याला पालवी येईल, फुलं येतील. तेवढ्यावर त्याचं मन देवाकडं वळलं. हे उतरवताना मला आपल्या धुऱ्यावरचा पळस दिसत होता, पान नाही एक आणि फांद्यांना आग लागल्यासारखी फुलं. तू त्याच्याखाली डबा सोडायचीस. मी वहीत समासात "आपला पळस" असं लिहून ठेवलंय, आजोबांसारखं.

संत ऑगस्टीनचं आत्मकथन मुद्दाम पाठवलं नाही. तेरा भागांतले पहिले नऊ गोष्टीसारखे सरळ जातात, पुढं काळ म्हणजे काय, स्मरण म्हणजे काय यात माणूस अडकतो. पण लहानपणी शेजारच्या झाडाची नासपती कशी चोरली, भूक नसताना, नुसती चोरायची मजा म्हणून, आणि मग डुकरांपुढे कशी टाकली, ते मी नाताळात आले की सांगेन. दादाला समोर बसवून सांगेन. पाटलाच्या पेरूंचं त्यालाही आठवत असेल.

बाबा, एक विनंती. रोज दहा पानांच्या वर वाचू नका. डोळ्यासाठी तर आहेच, डॉक्टरांनी सांगितलंय. पण तुम्ही पुस्तक संपवण्यासाठी वाचता, आणि आईला गोष्ट विचारली की म्हणता, "चांगलं आहे." पेन्सिल जवळ ठेवा. नाही पटलं तर तसं लिहा, लक्ष्मीबाईंवर लिहिलंत तरी चालेल.

पार्सल एसटीनं टाकलंय, मंगळवारी दारव्ह्याला येईल. पावतीचा फोटो दादाच्या मोबाइलवर आहे. खोक्यात वर शेंगदाण्याची चिक्की आहे ती पुतण्यांची, तुमच्या साखरेच्या आजाराला चालणारी नाही. हिरवी पुस्तिका मात्र चुलीला लावू नका एवढ्यात. मी येईपर्यंत ठेवा, मला ती लूकच्या आठव्या अध्यायाशेजारी ठेवून मंडळीतल्या बायकांना दाखवायची आहे.

बुधवारी साडेआठला फोन करते. आई, कुठं हसू आलं तेवढंच सांग.

तुमची,
बेबी