सोसायटीच्या संगणकाला कुलूप आहे का?

महोदय,

विंडोज १०चा अधिकृत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, तेव्हा नेरुळच्या आमच्या सोसायटीच्या कार्यालयातला संगणक भंगारात निघणार होता. विंडोज ११ त्यावर चढेना. मी खजिनदार, पण आईच्या आजारपणामुळे सध्या मुक्काम ठाण्याला, भावाकडे. पावत्या आणि थकबाकी बघायला रोज ट्रान्स हार्बरने नेरुळ गाठणे जमेना. म्हणून एका तंत्रज्ञाकडून त्यावर विंडोजऐवजी उबुंटू ही मोफत लिनक्स प्रणाली, हलका एक्सएफसीई डेस्कटॉप आणि दुरून तो डेस्कटॉप वापरू देणारे एक्सआरडीपी बसवून घेतले. सॉफ्टवेअरला एक पैसा लागला नाही. सुरुवातीला नुसता काळा स्क्रीन दिसे, कारण कार्यालयातल्या ताई लॉगआउट न करता घरी जात आणि मीही त्यांच्याच नावाने आत शिरत होतो. माझे वेगळे खाते उघडले आणि अडचण मिटली.

पत्राचे कारण पुढचे आहे. तंत्रज्ञाने राऊटरवर ३३८९ हा पोर्ट, म्हणजे दुरून जोडणीसाठीचे क्रमांकाचे दार, थेट इंटरनेटला खुला करून ठेवला होता. ‘सगळीकडे असेच करतात,’ म्हणाला. चौथ्या दिवशी मी लॉग, म्हणजे संगणकाने ठेवलेली नोंदवही, उघडला, तर ‘ॲडमिन’, ‘टेस्ट’ अशा नावांनी पासवर्ड लावून बघणाऱ्या अनोळखी पत्त्यांच्या ओळीच ओळी! रिमोट डेस्कटॉपचा हा पोर्ट जगजाहीर आहे, तो हुडकणारे प्रोग्राम दिवसरात्र चालू असतात. लिनक्स आहे म्हणून कोणी सोडत नाही. त्या संगणकात ८४ घरांचे फोन नंबर, थकबाकी आणि नॉमिनींची नावे आहेत. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी तो पोर्ट बंद केला. आता एक्सआरडीपी १२७.०.०.१ वरच, म्हणजे त्या संगणकाच्या आतून आलेलीच जोडणी स्वीकारते. बाहेरून यायचे तर आधी एसएसएच, म्हणजे बोगद्यासारखी कूटबद्ध जोडणी, तेही पासवर्डने नाही, माझ्या लॅपटॉपमधल्या की-फाइलने, म्हणजे किल्लीचे काम करणाऱ्या गुप्त फाइलने. त्या बोगद्यातूनच डेस्कटॉप उघडतो. माझा लॅपटॉप विंडोजचा आहे, तरी वेगळे काही घ्यावे लागले नाही.

ठाणे-नवी मुंबईतल्या सचिव-खजिनदारांना कळकळीची विनंती: आपल्या तंत्रज्ञाला विचारा, ३३८९ बाहेरून उघडा आहे का? ‘हो’ म्हणाला तर शेजारी बसून बंद करून घ्या. नुसता पोर्टचा आकडा बदलून देतो म्हणाला तर ऐकू नका. शोधणारे इतर आकडेही चाचपतात. आणि सभासदांनी येत्या वार्षिक सभेत लिफ्ट आणि रंगकामाबरोबर हाही प्रश्न समितीला विचारावा.

— एक खजिनदार, नेरुळ, नवी मुंबई