नेपाळची सीमा सोपी. तयारी दामनच्या घाटाची करा

रा. रा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

थंडीची चाहूल लागली की पुणे, नाशिक, कोल्हापूरहून सायकलवर काठमांडूला निघालेल्यांच्या बातम्या आपल्या पानांवर येऊ लागतात. किती किलोमीटर, किती दिवस, निरोप द्यायला कोण आले, हे सगळे त्यात असते. वाचून ज्याला स्वतः जावेसे वाटते त्याचे प्रश्न मात्र तसेच राहतात: कागद कोणते, रस्ता कोणता, गिअर केवढा? भारतीयाला नेपाळची सीमा ओलांडणे फारच सोपे आहे. मोहीम मोडते ती सीमेपलीकडच्या डोंगरात, विशेषतः काठमांडूच्या आधीच्या दामनच्या घाटात, आणि मोडण्याची बहुतेक कारणे घरून निघण्याआधीच दूर करता येतात. नव्याने निघणाऱ्यांसाठी ती इथे मांडत आहोत.

कागदांचे आधी उरकू. भारतीय नागरिकाला नेपाळसाठी व्हिसा लागत नाही. वैध पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र पुरते. आधार कार्डावर भिस्त ठेवून निघू नये. ते पंधरा वर्षांखालच्या आणि पासष्टीवरच्या प्रवाशांसाठीच ग्राह्य धरले जाते. पंधरा ते अठरा वयाच्या विद्यार्थ्याने पासपोर्ट नसल्यास मुख्याध्यापकांकडून विहित नमुन्यातले ओळख प्रमाणपत्र घ्यावे. नाक्यावर भारतीयांना अनेकदा कोणी हटकतही नाही, म्हणून कागद घरी ठेवणारे भेटतात. पण पुढे लॉजमध्ये, सिम कार्ड घेताना, रुग्णालयात तोच कागद मागतात. अमेरिकेचा किंवा ब्रिटनचा पासपोर्ट असलेला मराठी नातलग सोबत असेल तर त्याला मात्र व्हिसा लागतो. पंधरा दिवसांचा ३० डॉलरला आणि तीस दिवसांचा ५० डॉलरला नाक्यावरच मिळतो. डॉलर रोख ठेवावेत. त्याआधी भारतीय बाजूला त्याने बाहेर पडल्याचा शिक्का न चुकता घ्यावा, नाहीतर नेपाळच्या खिडकीवरून परत पाठवतात.

मोटारगाडीला भन्सार, म्हणजे नेपाळी जकात, भरावी लागते, सायकलला नाही. घड्याळ पंधरा मिनिटे पुढे करावे. एका भारतीय रुपयाला १.६० नेपाळी रुपये हा दर ठरलेला आहे. डिसेंबर २०१८ मध्ये नेपाळने शंभरावरच्या भारतीय नोटा बंद केल्या, त्यानंतरही याबाबतचे नियम हलत राहिले. त्यामुळे भारतीय पैसे शंभराच्या नोटांतच न्यावेत आणि सीमेपलीकडच्या भैरहवा शहरात लागेल तेवढे बदलून घ्यावेत. शनिवारी बँका बंद असतात. मोबाईलवरून पैसे देण्याची सोय शहरांत काही ठिकाणी आहे, पण दामनच्या चढावर चहावाल्याकडे तिचा उपयोग होईल असे धरून चालू नये.

सोनौली या सीमेवरच्या गावापर्यंत पोहोचण्याचे दोन मार्ग. सायकलनेच जायचे तर पुण्याहून सुमारे सतराशे किलोमीटर. नकाशा मोटारीच्या मोडवर ठेवला की तो समृद्धी महामार्गावर नेऊन सोडतो आणि तिथे सायकलला बंदी आहे. जुन्या रस्त्यांचा माग आधीच काढून ठेवावा. सुट्टी थोडी असेल तर गोरखपूरपर्यंत रेल्वे आणि तिथून फरेंदा, नौतनवामार्गे सोनौलीपर्यंतचे शंभरेक किलोमीटर सपाट.

सीमेनंतर भैरहवा, बुटवल. लुंबिनी भैरहव्यापासून वीस-बावीस किलोमीटरवर आहे. मुक्कामाला शांत जागा, सायकलचे नट-बोल्ट आवळायलाही. बुटवलहून पूर्व-पश्चिम महामार्गाने नारायणगढ सुमारे ११५ किलोमीटर. रुंदीकरणाचे काम या पट्ट्यात वर्षानुवर्षे रेंगाळले आहे, त्यात दाउन्नेचा घाट धुळीसाठी बदनाम. साधा रुमाल पुरत नाही, नाकातोंडावर घट्ट बसणारा मास्क हवा, आणि धुळीच्या दिवसानंतर साखळी पुसून नव्याने तेल द्यायलाच हवे. न पुसता तेल ओतले की धूळ आणि तेल मिळून साखळीच्या पिना घासत राहतात.

नारायणगढला निर्णय घ्यायचा असतो, आणि आमचे मत इथे स्पष्ट आहे. सगळ्या बसगाड्या आणि ट्रक उत्तरेला मुग्लिंगकडे वळतात, तिथून पृथ्वी महामार्गाने काठमांडू. एकूण दीडशे किलोमीटरच्या आत. नकाशावर हाच रस्ता जवळचा. नारायणगढ ते मुग्लिंग हे ३६ किलोमीटर एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला त्रिशूली नदी. १२ जुलै २०२४ च्या पहाटे सिमलताल इथे दरडीबरोबर दोन प्रवासी बस नदीत गेल्या. पुढच्याच महिन्यात, २३ ऑगस्टला, आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या भाविकांची बस मुग्लिंगपासून जवळच आंबूखैरेनी भागात मर्स्यांगदी नदीत कोसळली. त्या घराघरांतले दुःख महाराष्ट्र विसरलेला नाही. अशा रस्त्यावर ट्रकच्या रांगेत, रस्त्याच्या कडेला हातभर जागा नसताना, सामान लादलेली सायकल चालवू नये.

त्याऐवजी नारायणगढहून सरळ पूर्वेला हेटौड्याला जावे. हे सुमारे ८० किलोमीटर तराईतले, म्हणजे डोंगरपायथ्याच्या सपाटीचे, आहेत आणि एका दिवसात होतात. हेटौड्याहून त्रिभुवन राजपथ लागतो. १९५० च्या दशकात भारताच्या मदतीने बांधलेला, काठमांडूला तराईशी जोडणारा हा पहिला मोटाररस्ता. जड वाहने आज मुग्लिंगकडून जात असल्याने त्यावर रहदारी कमी असते. हेटौडा ते काठमांडू एकूण १३२ किलोमीटर. हेटौडा समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरच्या आत आणि सिमभंज्यांगची खिंड २,४८८ मीटरवर. म्हणजे पन्नासेक किलोमीटरच्या रस्त्यात दोन हजार मीटरची उंची गाठायची. पुण्याच्या वाचकाने सिंहगडाचा रस्ता तीनदा पाठोपाठ चढण्याचा हिशेब करावा, तोही सामानासह. खिंडीपलीकडे दोन-तीन किलोमीटरवर दामनला राहायची सोय होते, आकाश स्वच्छ असेल तर सकाळी हिमशिखरांची लांबच लांब रांग दिसते. हेटौडा ते दामन पहिला दिवस, दामन ते काठमांडू दुसरा. एका दिवसात दोन्ही करण्याचा हट्ट धरू नये. नकाशात भीमफेदी, कुलेखानीवरून जाणारा आणखी जवळचा रस्ता दिसेल. तो जीपगाड्यांचा आहे, चढ फार उभे आहेत, भरलेल्या सायकलचा नव्हे.

आता गिअरकडे येऊ, कारण बहुतेकांचे इथेच अडते. ७० किलोचा माणूस, १४ किलोची सायकल, १५ किलो सामान आणि पाणी मिळून १०० किलो धरा. सात टक्क्यांच्या चढावर पुढे ३४ आणि मागे २८ दात्यांचा गिअर मिनिटाला ६० फेऱ्यांनी फिरवला तर वेग साडेनऊ किलोमीटर होतो आणि पायांतून सुमारे २०० वॅट सतत द्यावे लागतात. रोज सराव करणाऱ्या माणसालाही ते तासाभरापलीकडे झेपत नाही. मग तो फेऱ्या कमी करतो, जोर गुडघ्यांवर येतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा वाकत नाही. पुढे २६ आणि मागे ३४ दाते असतील तर त्याच फेऱ्यांना वेग सहा किलोमीटर, आणि १२५ ते १३० वॅटमध्ये काम भागते. तेवढे दिवसभर जमते. म्हणून सायकल कोणतीही असो, सर्वांत हलक्या गिअरमध्ये पुढचे दाते मागच्यापेक्षा कमीच हवेत. मागची कॅसेट (दातेरी चकत्यांचा संच) मोठी बसवताना डिरेलर (साखळी एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) तेवढे दाते पेलतो का हे दुकानात तपासून घ्यावे आणि साखळीही त्या मापाने लांब करावी. आखूड साखळी मोठ्या दात्यांवर ओढली गेली की डिरेलरच तुटतो.

चढल्यावर उतार. दामनहून पालुंगला उतरायचे, मग टिस्टुंगचा चढ आणि तिथून नौबिसेपर्यंत लांबच लांब घसरण. ब्रेक सतत दाबून ठेवला तर रिमवरचे रबर तापते, गुळगुळीत होते आणि पकड जाते. डिस्क ब्रेकचे रेझिन पॅडही तापून तसेच निकामी होतात. वळणाआधी दोन्ही ब्रेक जोरात लावून वेग खाली आणावा आणि मग सोडून द्यावेत, चाकाला वारा लागू द्यावा. पॅडची नवी जोडी घरूनच न्यावी. डिस्कचे पॅड मॉडेलप्रमाणे वेगळे असतात, तराईतल्या दुकानात ते मिळायचे नाहीत.

टायरच्या बाबतीत एक घोटाळा नेहमी होतो. तराईत, आणि उत्तर प्रदेशातही, गावोगावच्या दुकानात २८ इंची टायर टांगलेला दिसतो. तो जुन्या काळ्या सायकलींचा, ६३५ मिलिमीटरच्या रिमसाठी. आपल्या ७००सी किंवा २९ इंची चाकाची रिम ६२२ ची असते, तिच्यावर तो बसत नाही. म्हणून घडी होणारा एक जादा टायर सामानात ठेवावा. रुंदी ३५ ते ४० मिलिमीटर, मागच्या चाकात ५० ते ६० पीएसआय हवा. व्हॉल्व्ह प्रेस्टा, म्हणजे बारीक आणि लांब प्रकारचा, असेल तर पितळी ॲडॉप्टर दोन घ्यावेत, एक हरवतोच. त्याशिवाय पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने हवा भरता येत नाही.

सामानाचे ओझे मागच्या चाकावर येते आणि स्पोक तुटतात ते बहुधा कॅसेटच्या बाजूचे. तो बदलायला कॅसेट काढावी लागते; तिचे अवजार आणि नेमक्या लांबीचे तीन-चार स्पोक फ्रेमला चिकटपट्टीने बांधून न्यावेत. डिरेलर ज्यावर बसतो तो हँगर प्रत्येक मॉडेलचा निराळा, तोही एक हवा. साखळीची जोडकडी तुमच्या नऊ, दहा किंवा अकरा गिअरच्या मापाचीच घ्यावी. कॅरिअरचे ५ मिलिमीटरचे बोल्ट खडबडीत रस्त्यावर सैल होतात. निघण्याआधी त्यांना आटे धरून ठेवणारे द्रावण लावावे, रोज सकाळी हाताने हलवून पाहावेत. कॅरिअरचा एक बोल्ट पडला की दुसऱ्यावर भार येतो आणि मग तो छिद्रातच तुटतो, जो पान्ह्याने काढता येत नाही.

नौबिसेपासून नागढुंग्यापर्यंतचे बारा-तेरा किलोमीटर पृथ्वी महामार्गाच्या सगळ्या रहदारीतूनच जावे लागतात, ते टळत नाहीत. ट्रकचा धूर, चढ आणि घाई. पाठीवर चमकणारे जाकीट आणि दिवसाही लुकलुकणारा मागचा दिवा इथे हवाच. याच चढावर झ्याप्लेखोला इथे सप्टेंबर २०२४ च्या अखेरच्या अतिवृष्टीत दरड कोसळून अडकून पडलेल्या वाहनांतले प्रवासी दगावले. पाऊस दिनदर्शिकेप्रमाणे संपत नाही. ऑक्टोबरचा मध्य उलटल्यावर ते नोव्हेंबरअखेर, किंवा फेब्रुवारीचा मध्य ते मार्च, हेच खरे दिवस. डिसेंबर-जानेवारीत गोरखपूरपासून बुटवलपर्यंत दाट धुके असते, समोरचा ट्रक दिसत नाही. अशा दिवशी ऊन पडेपर्यंत लॉजमधून निघूच नये. दशैंच्या, म्हणजे नेपाळच्या दसऱ्याच्या, सुट्टीत खाणावळी बंद आणि बसगाड्या भरधाव, ते आठ-दहा दिवस टाळलेले बरे.

खाण्याचे वेळापत्रक आपल्याहून वेगळे आहे. डाळ-भात सकाळी दहा-अकराला आणि संध्याकाळी सातच्या सुमारास तयार असतो, पुन्हापुन्हा वाढतात. मधल्या वेळी चाऊचाऊ (झटपट नूडल्स), चिवडा, उकडलेली अंडी. पहाटे पोहे मिळतील या आशेवर निघणाऱ्याने स्वतःजवळ शेंगदाणे-गूळ ठेवावा. राजपथावर पाण्याच्या तीन बाटल्या, निर्जंतुक करण्याच्या गोळ्या आणि ओआरएसची पाकिटे. विमा घेताना तो नेपाळमध्ये आणि सायकल चालवताना झालेल्या अपघाताला लागू आहे का, हे लेखी विचारावे.

परतीला बरेच जण काठमांडूहून बसच्या टपावर सायकल टाकतात. ती ठेवताना गिअरची बाजू वर ठेवावी आणि दोरी फ्रेमवरून न्यावी, चाकाच्या आऱ्यांतून नाही. सायकल महागडी असेल तर फ्रेम क्रमांक लिहिलेल्या बिलाची प्रत सोबत असावी. येताना भारतीय कस्टमने ती नेपाळात विकत घेतली का असे विचारले, तर दाखवायला काहीतरी लागते. क्रमांक पेडलच्या दांड्याखाली, फ्रेमच्या तळाशी कोरलेला असतो.

रेल्वेने न्यायची असेल तर 'लगेज' आणि 'पार्सल' यातला फरक ठाऊक हवा. प्रवासाच्या तिकिटावर लगेज म्हणून नोंदवली तर सायकल आपल्याच गाडीच्या ब्रेकव्हॅनमध्ये (सामानाच्या डब्यात) जाते; पार्सल म्हणून दिली तर मागाहून कोणत्याही गाडीने येऊ शकते, आणि तोवर माणूस गोरखपूरच्या फलाटावर बसून. नियमाने अर्धा तास आधी पोहोचणे पुरते, प्रत्यक्षात दोन तास ठेवावेत. पेडल काढावेत (डावा उलट्या आट्यांचा असतो), डिरेलर सोडवून कापडात गुंडाळावा, खोक्यावर दोन्ही बाजूंना नाव आणि स्थानक ठळक लिहावे. नोंदणीच्या खिडकीवर प्रत्येक ठिकाणी वेगळे नियम सांगितले जातात, ही तक्रार जुनीच आहे. मध्य रेल्वेने सायकलच्या लगेज नोंदणीचे दर, वेळ आणि बांधणीचे नियम मुंबई, पुणे, नाशिक रोड इथल्या लगेज कार्यालयांबाहेर मराठीत फलकावर लावावेत, अशी आमची आपल्या पत्रामार्फत मागणी आहे.

आपले,
पुण्यातील काही सायकलप्रवासी