काकूंच्या खुब्याबद्दल

मिरज, मंगळवार रात्र

प्रिय सुधाकर,

फोनवर तुझा आवाज इतका कापत होता की मी जास्त काही बोललो नाही. एक्स-रे आत्ता नीट पाहिला. काकूंच्या खुब्याचं हाड मानेत, म्हणजे वरच्या गोळ्याखालच्या अरुंद भागात, मोडून जागेवरून सरकलंय. पाय आखूड दिसतोय, पंजा बाहेर वळलाय म्हणालास, तो त्यामुळेच.

मामा म्हणतात, ‘या वयात चिरफाड नको, वजन लावून पडू दे तीन महिने.’ सुध्या, हे मुळीच ऐकू नकोस. वरच्या गोळ्याला रक्त नेणाऱ्या बारीक वाहिन्या या मानेवरूनच जातात. त्या तुटल्यावर तिथलं हाड आपोआप जुळणं फार कठीण. आणि म्हातारं माणूस हाडापेक्षा अंथरुणानेच जातं: न्यूमोनिया, पाठीला जखमा, पायात रक्ताच्या गाठी. वॉर्डात फिजिओथेरपी करताना हे मी वर्षानुवर्षं बघतोय.

ऑपरेशनने धोका संपतो असं सांगून तुला फसवणार नाही. खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी साधारण चार-पाचांतला एक वर्षभरात दगावतो. हृदय किंवा किडनी आधीच कमजोर असेल, विसरभोळेपणा वाढलेला असेल, तर जास्तच. पण काकू परवापर्यंत बाजारहाट स्वतः करत होत्या, ही फार जमेची बाजू आहे.

शक्यतो 48 तासांत ऑपरेशन होऊ दे. रक्त कमी असेल, साखर चढली असेल, तर तेवढं सावरून घ्यावंच लागेल. नुसत्या तपासण्या आणि नातेवाइकांच्या बैठकांत मात्र दिवस घालवू नका. 2020 मध्ये 17 देशांतल्या जवळपास 3000 रुग्णांवरचा एक अभ्यास आला. त्यात एका गटावर निदानानंतर 6 तासांत शस्त्रक्रिया करायचा प्रयत्न केला. त्याने मृत्यू घटले नाहीत, पण रुग्ण कमी बरळले आणि लवकर उभे राहिले. मला त्या उभं राहण्याचं मोल ठाऊक आहे.

बहुधा तो गोळा काढून कृत्रिम बॉल बसवतील आणि दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून उभं करतील. तेव्हा काकू श्वास रोखून पायाकडेच बघत राहतील. त्यांना समोर बघायला सांग, श्वास सोडायला सांग. आधी वॉकर पुढे, मग ऑपरेशनचा पाय, मग चांगला. रात्री भ्रमात काकांना हाका मारू लागल्या तर घाबरू नकोस. चष्मा आणि कानाचं यंत्र हाताशी ठेव, उशाशी घरचंच माणूस बसव.

मला चीड येते ती दुसऱ्याच गोष्टीची. दोन वर्षांपूर्वी त्यांचं मनगट मोडलं, तेव्हाच हाडं ठिसूळ झाल्याचं कळायला हवं होतं. प्लास्टर काढलं आणि विषय मिटला. सगळीकडे हेच चालतं. या वेळी डॉक्टरांना हाडांच्या औषधाचं स्वतःहून विचार. किडनी, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व तपासून वर्षातून एकदा सलाईनमधून झोलेड्रॉनिक अॅसिड देता येतं. खुब्याच्या ऑपरेशननंतर ते दिलेल्यांत नवी फ्रॅक्चर सुमारे एक तृतीयांशाने घटल्याचं 2007 मध्येच दिसलंय. मोतीबिंदूही आता लांबवू नका. झोपेची गोळी आणि बीपीची गोळी, दोन्ही डॉक्टरांना दाखव. रात्री लघवीला उठताना तोल जातो तो बरेचदा त्यांच्यामुळे.

मी शनिवारी पोचतो. तोवर रक्ताचे रिपोर्ट आणि चालू गोळ्यांच्या पाकिटांचे फोटो पाठव. मामांशी हवं तर मी बोलतो.

तुझा,
शरद