तीनशे खुर्च्यांचे भाडे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला थिऑसॉफिस्टांवरचा, म्हणजे सर्व धर्मांमागचे गूढ ज्ञान शोधू पाहणाऱ्या संस्थेच्या मंडळींवरचा लेख वाचला. मॅडम ब्लाव्हाट्स्की आणि अ‍ॅनी बेझंट यांना दोन-दोन रकाने, आणि ब्लाव्हाट्स्कींबरोबर ही संस्था स्थापणाऱ्या कर्नल ऑलकॉट यांची बोळवण एका ओळीत. तीही ‘निवृत्त ब्रिटिश कर्नल’ म्हणून! हेन्री स्टील ऑलकॉट ब्रिटिश नव्हते. १८३२ साली न्यू जर्सीत जन्मलेले ते अमेरिकन, पुढे न्यूयॉर्कचे वकील. आणि त्यांचे नाव झाले ते तलवारीपेक्षा बिले तपासण्यामुळे. माझी सगळी नोकरी लेखापरीक्षणात गेली, म्हणून हे जरा जास्तच लागले.

अमेरिकेच्या यादवी युद्धात ते आधी नॉर्थ कॅरोलिनाच्या मोहिमेवर होते. तिथे आजारी पडून परतले आणि मग युद्धखात्याने त्यांना पुरवठादारांच्या मागे लावले. न्यूयॉर्कच्या एका व्यापाऱ्याने नव्या शिपायांच्या जेवणाखाण्याची आणि मुक्कामाची खोटी बिले सरकारच्या माथी मारली होती. खरे-खोटे कागद वेगळे करत ऑलकॉट यांनी त्याला दहा वर्षांसाठी सिंगसिंगच्या तुरुंगात धाडले. युद्धखात्यानंतर आरमाराने त्यांना बोलावले. १८६५ मध्ये लिंकन यांचा खून झाला तेव्हा तपासाच्या कामावर नेमलेल्यांत तेही होते. वकिलीची सनद त्यानंतरची, १८६८ ची. विम्याचे कायदे हा त्यांचा हातखंडा. बसून खाता आले असते.

पण १६ फेब्रुवारी १८७९ रोजी हा सेहेचाळीस वर्षांचा गृहस्थ ब्लाव्हाट्स्कींसोबत मुंबईच्या अपोलो बंदरावर उतरला आणि खाली वाकून त्याने पायरीच्या दगडाचे चुंबन घेतले. पुढचा प्रसंग आम्हा गिरगावकरांना शोभणारा नाही. इथल्या आर्य समाजाचे पुढारी हरिश्चंद्र चिंतामण यांनी थाटात स्वागत केले, आणि मागोमाग बिल धरले. घरभाडे, जेवण, नोकरचाकर, घराची डागडुजी, स्वागतसमारंभाच्या तीनशे खुर्च्यांचे भाडे, इतकेच काय, ‘लवकर या’ म्हणून अमेरिकेला केलेल्या तारेचा खर्चसुद्धा! आर्य समाजासाठी अमेरिकेहून पाठवलेली सहाशेवर रुपयांची रक्कमही मधेच अडकली होती. ऑलकॉट यांनी ती वसूल केली. हे सारे त्यांनीच आठवणींत लिहून ठेवले आहे. मग पाहुण्यांनी बिऱ्हाड हलवले ते गिरगाव बॅक रोडवर, म्हणजे आजच्या विठ्ठलभाई पटेल रोडवर. ‘द थिऑसॉफिस्ट’ हे मासिक १८७९ च्या ऑक्टोबरात निघाले ते तिथूनच. जोतीराव फुल्यांनी ज्यांच्या जातिभेदावरील पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढली, ते तुकारामतात्या पडवळही या मंडळींत सामील झाले.

एका गोष्टीचा उलगडा मला आजतागायत होत नाही. शिपायाच्या भाकरीच्या बिलातली खोट ज्याला दिसली, त्याला ब्लाव्हाट्स्की ज्यांना आपले अदृश्य गुरू म्हणत त्या ‘महात्म्यां’च्या, छतावरून पडणाऱ्या पत्रांत काहीच खटकू नये? न्यूयॉर्कच्या खोलीत एका रात्री एक महात्मा प्रकटला, आपल्याला भ्रम झाला का अशी शंका मनात येताच त्याने डोक्यावरचा फेटा काढून टेबलावर ठेवला, असे ते सांगतात. त्यांनी ‘फेटा’ हाच शब्द वापरला आहे. पुरावा म्हणून तो जपूनही ठेवला! १८८५ मध्ये अशा चमत्कारांची तपासणी करणाऱ्या लंडनच्या संस्थेचे रिचर्ड हॉजसन यांच्या अहवालाने ब्लाव्हाट्स्कींना ठक ठरवले. ऑलकॉट यांच्यावर मात्र लबाडीचा ठपका ठेवला नाही, भोळेपणाचा ठेवला. मला ते पटते.

ऑलकॉट यांच्यातला वकील खरा कामाला आला तो सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत. १८८० मध्ये तिथल्या गॉल शहरात त्यांनी पंचशील घेतले, म्हणजे बौद्ध धर्म स्वीकारला. १८८३ च्या ईस्टरला कोलंबोतल्या कोटाहेना येथे बौद्धांच्या मिरवणुकीवर हल्ला झाला आणि कुणालाच शिक्षा झाली नाही. बौद्धांचे गाऱ्हाणे घेऊन ऑलकॉट पुढच्या वर्षी थेट लंडनला गेले. १८८५ पासून वैशाख पौर्णिमेची सुटी सुरू झाली. शाळांचे कामही त्यांचेच. कोलंबोच्या आनंद कॉलेजची सुरुवात १८८६ मधली. १८९४ मध्ये मद्रासला अस्पृश्य मुलांसाठी त्यांनी मोफत शाळा काढली. कोलंबोच्या फोर्ट स्टेशनसमोर त्यांचा पुतळा उभा आहे.

आणि आपल्याकडे दीक्षाभूमीपासून वस्तीतल्या विहारापर्यंत फडकणारा पंचशील ध्वज? ‘तो ऑलकॉट यांनी बनवला’ असे कुणी ठोकून देतो, तेही बरोबर नाही. तो कोलंबोच्या समितीने १८८५ मध्ये ठरवला. मूळचा आकार लांबच लांब पताकेसारखा होता. तो घरावर, मिरवणुकीत सोयीने लावता यावा म्हणून नेहमीच्या झेंड्याच्या मापाचा करा, ही सूचना ऑलकॉट यांची.

१७ फेब्रुवारी १९०७ रोजी मद्रासच्या अड्यारला, संस्थेच्या मुख्यालयात ते वारले. पुढच्या पुरवणीत निदान ‘ब्रिटिश’ हा शब्द तेवढा दुरुस्त करून छापावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त लेखापरीक्षक, गिरगाव